प्रकाश-तलवार पेटते आणि लगेच विझते: पाणी कुठं मुरतंय ते कसं शोधायचं

बटण दाबलं. मुठीकडून टोकाकडे निळा उजेड सरसर चढला, निम्म्यावर पोचला आणि सगळं काळं. दोन सेकंदांनी सुरू होण्याचा तोच आवाज, पुन्हा निम्म्यापर्यंत उजेड, पुन्हा काळोख. 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्यासारख्या, घरी बनवलेल्या प्रकाश-तलवारीतला हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता तलवारीच्या आधी मल्टिमीटर हातात येतो.

मी नागपूरचा. दिवसा इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्त करतो. शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीचा देखावा, तान्ह्या पोळ्यातली वेशभूषा, असं काही जवळ आलं की वस्तीतली मुलं संध्याकाळी तलवारी घेऊन येतात. मुलं हुशार आहेत. कोड स्वतः लिहितात, मूठ स्वतः छापतात. अडतात ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, आणि नेमकं तिथं कुणी बघत नाही.

आधी लक्षणं. तुमची तलवार यातलं काय करते ते बघा.

• पेटताना मध्येच रीसेट होते आणि तेच चक्र चालू राहतं.
• निळा किंवा लाल रंग नीट चालतो, पांढरा केला की टोकाकडे पिवळट, मग नारिंगी होतो.
• तलवारीला तलवार आपटल्यावर जो पांढरा लख्ख झटका दाखवायचा असतो, नेमक्या त्याच क्षणी सगळं बंद पडतं.
• स्पीकरमधून खरखर येते, किंवा आवाज मध्येच तुटतो.
• यूएसबी लावून टेबलावर तासभर चालते, सेलवर मिनिटभरही टिकत नाही.
• चार्ज केल्यावर पाच मिनिटं उत्तम, मग वरचं सगळं सुरू.
• हवेत फिरवली की विझते.
• अचानक मेल्यासारखी होते आणि चार्जरची पिन क्षणभर लावली की जिवंत होते.
• मधलेच काही दिवे भलत्याच रंगात चमकतात.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याकडे नंतर येतो. बाकी सगळ्यांचं मूळ जवळपास नेहमी एकच निघतं: सेलपासून दिव्यांपर्यंत पोचता पोचता व्होल्टेज वाटेत गळतं. आणि मुलं रात्र रात्र कोड बदलत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मानेवाड्याचा अकरावीतला एक मुलगा आला होता, डोळे झोपेनं लाल. म्हणाला, "काका, कोड तीनदा नव्यानं लिहिला. टेबलावर बराबर चालते, हातात घेतली का बंद होऊन जाते." त्याच्या कोडमध्ये एकही चूक नव्हती.

गळती का होते

आपल्याकडच्या बहुतेक तलवारींची रचना सारखीच असते. मुठीत एक १८६५० लिथियम-आयन सेल, टीपी४०५६ चा चार्जिंग बोर्ड (बहुधा त्यावरच सेलचं संरक्षणही असतं, त्याला पुढं संरक्षण बोर्ड म्हणतो), कोड चालवणारा ईएसपी३२ किंवा आर्डुइनो नॅनो (पुढं नुसतं 'बोर्ड' म्हटलं की हाच), आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी आणि पात्याच्या नळीत डब्ल्यूएस२८१२बी दिव्यांची मीटरला १४४ दिवे असलेली पट्टी. ८३ सेंटिमीटरच्या पात्यात जवळपास १२० दिवे बसतात. एका दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे असतात आणि प्रत्येक जण २० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेतो. म्हणजे नुसतं निळं पातं २.४ अँपिअरपर्यंत जातं. पूर्ण पांढरं पातं कागदावर ७.२ अँपिअर मागतं.

इथं अनुकरण करायला मूळ सर्किट मिळेल अशी आशा ठेवू नका. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. चित्रीकरणाच्या वेळी पातं म्हणून प्रकाश परतवणारं कापड गुंडाळलेली काठी वापरली आणि झळाळी नंतर फिल्मवर चढवली. सात अँपिअर त्या मुठीतून कधी गेलेच नाहीत. आपण तिच्यात दिवे, आवाज आणि सेल कोंबतो, तेव्हा जागेची आणि करंटची सगळी गणितं आपल्यालाच मांडावी लागतात.

पांढरा रंग नारिंगी का होतो तेही आत्ताच सांगतो, कारण हे लक्षण फुकटचं मीटर आहे. लाल दिवा साधारण २ व्होल्टवर पेटतो, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज खाली आलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतात, लाल तसाच राहतो. टोक नारिंगी दिसलं की टोकापाशी व्होल्टेज ३ च्या घरात आलं आहे असं समजा.

पहिली तपासणी: मीटर स्वतः खरं बोलतंय का?

हे हसण्यावारी नेऊ नका. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या पिवळ्या मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की ते बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतं. सेल ३.५ वर आलेला असतो, मीटर ४ म्हणतं, आणि पुढची सगळी शोधाशोध वाया जाते. मे २०२४ च्या अखेरीस आपल्या नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, बातमी देशभर पोचली आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं हवामान विभागानंच सांगितलं. तेव्हा आधी मीटरची बॅटरी बदला, मग नवा १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल मोजा. १.५ ते १.६५ च्या दरम्यान आकडा आला तर पुढं जा.

दुसरी: उजेड कमी करून बघा

खर्च शून्य. कोडमधला उजेडाचा एक आकडा २५५ वरून ५० वर आणा, बाकी एका अक्षरालाही हात लावू नका. तलवार आता नीट चालली तर दोष वीजपुरवठ्यात आहे, कोडमध्ये नाही. करंट कमी झाला, गळती कमी झाली, बोर्ड जागा राहिला. ५० वरसुद्धा तशीच रीसेट होत असेल तर सेल पार उतरलेला असेल किंवा एखादा जोड हलत असेल. त्या दोन्ही गोष्टी पुढं येतातच.

ईएसपी३२ असेल तर आणखी एक सोय आहे. हा बोर्ड सुरू होताना मागच्या वेळी का बंद पडला ते सांगू शकतो. त्याला रीसेटचं कारण विचारा, आणि उत्तर 'ब्राउनआउट', म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, असं आलं तर पहिला दिवा दोन सेकंद लाल ठेवा, असं कोडमध्ये घाला. कॉम्प्युटरवरच्या सीरियल मॉनिटरवर हे दिसतंच, पण ते बघायला यूएसबी लावली की बोर्डाला पाच व्होल्ट मिळतात आणि बिघाडच लपतो. म्हणून मी लाल दिव्याची युक्ती वापरतो. मानेवाड्याच्या त्या तलवारीवर लाल ठिपका पेटला तेव्हा मुलाला हायसं वाटलं. चार रात्री तो स्वतःला दोष देत होता.

उजेड कमी करणं ही तपासणी झाली. काही जण इथंच थांबतात, मंद तलवार घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असेल तर माझी हरकत नाही. पण सेल थोडा उतरला की दुखणं परत येणार.

तिसरी: सेल

सेल आधी पातं बंद असताना मोजा. भरलेला ४.२ व्होल्ट, मध्यावर ३.६ ते ३.७. ३.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच बाकीचं बोला. खरी परीक्षा मात्र पातं पेटलेलं असताना असते. पांढरा रंग धरून ठेवून मोजायचं म्हटलं तर बोर्ड रीसेट होतो, म्हणून त्या वेळेपुरतं बोर्डाला यूएसबीतून जगवा आणि पट्टीला सेलमधून. ग्राउंड दोघांचं एकत्र राहू द्या, पण बोर्डाची पॉझिटिव्ह वायर पट्टीपासून आणि सेलपासून पूर्ण सोडवा. ती राहिली तर यूएसबीचं व्होल्टेज थेट सेलमध्ये शिरेल. ४.२ च्या वर चढवलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. ही वायर सुटी केली आहे याची मी दोनदा खात्री करतो, तुम्हीही करा.

आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून सेलच्याच दोन टोकांवर धरा. ४.१ चा सेल तीन-एक अँपिअरला ३.९ च्या आसपास थांबला तर तब्येत चांगली. ३.७ किंवा त्याखाली गेला तर सेल थकलेला आहे, त्याचा आतला रोध वाढला आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल बहुधा असेच वागतात. मोबाइल चार्ज करायला ते पुरतात, तलवारीला नाही.

वेष्टणावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला स्वस्त सेल असेल तर तो बाजूला ठेवा. चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० च्या मधली असते. एक सोपी खूण: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. ३० ग्रॅम भरला तर आत काय आहे हे वेगळं सांगायला नको. नवा घेताना क्षमतेपेक्षा सतत किती अँपिअर देऊ शकतो ते विचारा. दहा किंवा अधिक असेल तर तलवारीला शोभतो.

चौथी: स्प्रिंग आणि जोड

'फिरवली की विझते' याचं उत्तर इथं मिळतं. सेलच्या होल्डरमधली स्प्रिंग साध्या पोलादाची, वर पातळसा मुलामा. करंट त्या बारीक वेटोळ्यांतून गोल गोल फिरत जातो, आणि वर पावसाळ्यातला गंज. झटका बसला की स्प्रिंग क्षणभर सुटते, बोर्डाला तेवढं पुरतं.

आधी दोन्ही टोकं बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या. मग स्प्रिंगच्या तळापासून वरच्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीदार वायरचा लहान तुकडा डाखून घ्या. डीसोल्डरिंगची जी चपटी जाळी मिळते तिचा तुकडा चालतो. स्प्रिंगनं फक्त दाब द्यायचा, करंट तांब्यानं न्यायचा. जाळीला थोडा झोळ ठेवा, ताणून डाखलीत तर स्प्रिंग दबणार नाही. आणि हे काम सेल बाहेर काढूनच.

सगळी मूठ हातात घेऊन एकेक जोड हलक्या हातानं वाकवून बघा. गरम गोंदावर विसंबलेला जोड आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. कारच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या तलवारीतला गोंद मऊ पडलेला आणि पीएलएची छापील मूठ वाकलेली मी बघितली आहे. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं.

पाचवी: व्होल्टेज कुठं मुरतं ते पायरीपायरीनं मोजा

हीच खरी तपासणी. बाकीचं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

पातं पांढरं पेटलेलं ठेवा, पुरवठ्याची मांडणी वर सांगितली तशीच. मीटरचे दोन प्रोब एकाच भागाच्या अलीकडे आणि पलीकडे लावा. स्प्रिंगच्या दोन टोकांवर, मग संरक्षण बोर्डाच्या आत-बाहेर, मग स्विचच्या दोन पायांवर, मग वायरच्या दोन टोकांवर. निगेटिव्हच्या बाजूलाही तेवढंच काळजीनं मोजा, तिथंही तितकंच मुरतं आणि तिकडे कुणी बघत नाही. जो आकडा मीटर दाखवेल तेवढं व्होल्टेज त्या भागानं खाल्लं. आदर्श आकडा शून्य.

मानेवाड्याच्या तलवारीचे आकडे मी कागदावर लिहून ठेवले होते. क्लॅम्प मीटरवर करंट २.८ अँपिअर. पातं बंद असताना सेल ४.०८, पातं पेटल्यावर सेलवरच ३.७१. स्प्रिंगनं खाल्ले ०.१६, संरक्षण बोर्डानं ०.१४, स्विचनं ०.१७, येण्याजाण्याच्या वायरनी मिळून ०.३०. पट्टीवर उरले २.९४. ०.१६ किंवा ०.१७ हे एकेकटे आकडे बघून कुणी घाबरणार नाही. पण मूठभर भागांनी वाटेत पाऊण व्होल्टपेक्षा जास्त संपवलं होतं, आणि ईएसपी३२ ला वीज पट्टीच्या तोंडापासूनच दिली होती. टोकाला पातं नारिंगी दिसत होतं तेही त्याचमुळे.

आता एकेकाचा उपाय.

वायर: ब्रेडबोर्डच्या जम्पर वायर साधारण २८ गेजच्या असतात. त्यांचा रोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. अर्धा मीटर वायरमध्ये २.८ अँपिअरला ०.३० व्होल्ट गेलेच म्हणून समजा. त्याऐवजी ०.५ चौरस मिलिमीटरची मऊ वायर घातली की तीच गळती ०.०५ वर येते. सीताबर्डीच्या बाजारात सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते. मुठीत वाकवायला सिलिकॉनची सोपी जाते. माझ्या मते या दुखण्यावर यापेक्षा स्वस्त औषध नाही.

बोर्डाची वायर: बोर्डाला पट्टीपासून वीज देऊ नका. संरक्षण बोर्डाच्या आउटपुटपासून त्याची स्वतःची वेगळी जोडी न्या. घरी गीझरच्या लाइनवर दिवा जोडला तर गीझर लागताच दिवा मंदावतो, तसाच हा प्रकार.

स्विच: दिसायला देखणं, आत निळी कडी उजळणारं बारीक पुश बटण बहुतेक मुठीत असतं. त्याचे संपर्क या करंटसाठी नसतात. काही दिवसांत जळून खडबडीत होतात आणि गळती वाढत जाते. म्हणून 'आधी चालायची, आता चालत नाही'. ६ अँपिअरचा रॉकर स्विच मुठीच्या बुडाशी बसवा आणि देखणं बटण फक्त बोर्डाला इशारा द्यायला ठेवा. कुणी मॉस्फेट, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, घातला असेल तर त्याचं नाव वाचा. आयआरएफझेड४४एन पुरता उघडायला गेटवर, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायावर, १० व्होल्ट मागतो, बोर्डाच्या ३.३ वर तो अर्धवट उघडतो आणि तापतो.

कपॅसिटर: पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. पांढऱ्या झटक्याचा पहिला क्षण तो झेलतो. पायांची दिशा तपासा, पांढऱ्या रेघेचा पाय निगेटिव्ह.

पातं: पट्टीवरचं तांबं पातळ असतं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हची एक जोडी टोकापर्यंत नेऊन तिथूनही वीज द्या. टोकाचा नारिंगीपणा यानं जातो.

सहावी: संरक्षण बोर्ड

टीपी४०५६ च्या ज्या बोर्डावर संरक्षण असतं त्यात डीडब्ल्यू०१ हा छोटा आयसी आणि सोबत मॉस्फेटची जोडी असते. हा बोर्ड ३ अँपिअरच्या आसपास वीज तोडतो. त्याचं कामच ते आहे. पांढरा झटका ३ च्या वर गेला की तो तोडतो, आणि सेल फार खाली गेला तरी तोडतो. या दुसऱ्या प्रकारातच चार्जरची पिन लावल्यावर तलवार जिवंत होते. तेव्हा बोर्ड खराब आहे असं मानून त्याला बाजूनं वायर मारून टाळू नका. मी अशी टाळलेली तलवार हातात घेतो तेव्हा पहिलं काम तो जोड तोडायचं करतो. बोर्ड चुकीचा नाही, त्या कामासाठी लहान आहे. चार्जिंगला संरक्षणाविना मिळणारा टीपी४०५६ ठेवा आणि सेलवर ८ ते १० अँपिअरचा एका सेलचा वेगळा संरक्षण बोर्ड बसवा. सेलच्या पॉझिटिव्हजवळ फ्यूजही घाला.

सातवी: रेग्युलेटर

इथपर्यंत सगळं नीट करूनही सेल ३.७ वर आला की रीसेट होत असेल तर बोर्डावरचा काळा तीन पायांचा रेग्युलेटर, म्हणजे बोर्डाला ठरावीक व्होल्टेज देणारा भाग, बघा. ईएसपी३२ च्या स्वस्त बोर्डांवर तो बहुधा एएमएस१११७ असतो. तो स्वतःसाठी एक व्होल्टच्या आसपास ठेवून घेतो. आत ३.७ गेले तर बाहेर २.७ च्या आसपास येतात, आणि ईएसपी३२ २.४३ च्या जवळ स्वतःला रीसेट करतो. म्हणजे भरलेल्या सेलवर चालणारी तलवार अर्ध्या सेलवर रडणारच. एपी२११२ किंवा एमई६२११ सारखा कमी खाणारा रेग्युलेटर असलेला बोर्ड घ्या. वायफाय आणि ब्लूटूथ लागत नसतील तर कोडमध्ये बंद करा, त्यांचे करंटचे झटके वाचतात.

पुष्कळ जण उपाय म्हणून एमटी३६०८ चा बूस्ट बोर्ड घालतात, पट्टीला ५ व्होल्ट मिळावेत म्हणून. गणित करून बघा. ५ व्होल्टवर २.८ अँपिअर म्हणजे १४ वॉट. ३.५ व्होल्टच्या सेलमधून ते काढायला, वाटेतली तूट धरून, साडेचार अँपिअर लागतात. त्या आयसीची आतली मर्यादाच ४ आहे. तो तापतो, घसरतो आणि रीसेट वाढतात. माझं स्पष्ट मत: पट्टी थेट सेलवरच चालवा. उजेड किंचित कमी, पण तलवार भरवशाची.

आठवी: भलत्या रंगाचे दिवे आणि आवाज

पट्टी थेट सेलवर चालवण्याचा आणखी एक फायदा इथं मिळतो. या दिव्यांना डेटाचा सिग्नल त्यांच्या पुरवठ्याच्या ०.७ पट तरी हवा असतो. पट्टी ५ व्होल्टवर असेल तर ३.५ लागतात, ईएसपी३२ देतो ३.३. कधी चालतं, कधी ठिपके चमकतात. पट्टी ४.२ वर असेल तर २.९४ पुरतात आणि प्रश्नच मिटतो. डेटाच्या वायरमध्ये पट्टीजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर घाला, आणि ती वायर लहान ठेवा.

आवाजाची खरखर वीज सुधारल्यावर सहसा जाते. राहिलीच तर डीएफप्लेअरच्या आरएक्स पायावर १ किलोओहमचा रेझिस्टर आहे का बघा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असावं.

नववी: पातं उघडणं

हे सगळ्यात शेवटी, कारण नळीतून पट्टी ओढताना धडधाकट जोडही तुटतात. एका ठरावीक दिव्यापासून पुढचं सगळं अंधारात असेल किंवा नळीला टिचकी मारली की उजेड येत-जात असेल तरच उघडा. दोष बहुधा त्याच दिव्यात, त्याच्या अलीकडच्या दिव्यात किंवा दोघांमधल्या जोडावर असतो. भिंगातून बघा. डाखाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाख. थोडा फ्लक्स लावून पुन्हा गरम करा, डाख चमकून पसरला पाहिजे, गोळी होऊन बसता कामा नये.

चार्जिंगबद्दल नागपूरकरांना खास

लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात दुपारी आपली खोलीच त्याच्या जवळ असते, आणि टीपी४०५६ स्वतः चांगला तापतो. या स्वस्त बोर्डांवर तापमान ओळखणारा पाय ग्राउंडला जोडून टाकलेला असतो, म्हणजे तो उष्णता बघतच नाही. रात्री, कूलरच्या वाऱ्यात, फरशीवर ठेवून, डोळ्यासमोर चार्ज करा. तलवार चालू ठेवून चार्ज करू नका. सेल भरला हे आयसी उतरत्या करंटवरून ओळखतो, दिवे करंट ओढत राहिले की ते त्याला कळत नाही.

इथं थांबा

सेल फुगला असेल, चेपला असेल, वेष्टण फाटून धातू दिसत असेल, गोडसर रसायनासारखा वास येत असेल, किंवा हातात धरवणार नाही इतका तापत असेल तर मोजमापही करू नका. शक्य असेल तर मुठीतून वेगळा करा, नाहीतर मुठीसकट उघड्यावर वाळूच्या बादलीत ठेवा. धूर निघायला लागला तर हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ वर फोन करा.

२ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करून जिवंत करू नका. आतलं तांबं विरघळून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

सेलच्या टोकावर थेट डाख देऊ नका. उष्णतेनं आतलं सील बिघडतं. होल्डर नको असेल आणि पट्टी जोडून हवी असेल तर स्पॉट वेल्डिंग लागतं. ई-रिक्षा आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या कारागिरांकडे ते यंत्र असतं, त्यांच्याकडूनच करून घ्या. दोन सेल एकापुढे एक जोडून मोठी तलवार करायची असेल तरही त्यांच्याकडेच जा, दोन सेलचा समतोल राखणारा बोर्ड बसवल्याशिवाय ते चार्ज करायचे नसतात. बोर्डावरचा बारीक आयसी बदलायचा असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या हॉट एअरखाली तो पाच मिनिटांत निघतो. घरी २५ वॉटच्या आयर्ननं ओढाल तर ट्रॅक उखडेल. आणि देखाव्यात तलवार घरच्या विजेवर चालणाऱ्या उघड्या पॉवर सप्लायवर लावणार असाल तर ती जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, मंडपात पाऊस आणि लहान मुलं दोन्ही असतात.

कारागिराकडे जाताना सेल बाहेर काढून त्याच्या दोन्ही टोकांवर टेप लावा आणि वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत न्या. सोबत तुमचे आकडे लिहिलेला कागद द्या: पातं बंद असताना सेल किती, पेटल्यावर किती, स्प्रिंग, बोर्ड, स्विच, वायर आणि पट्टीवर किती. मानेवाड्याच्या मुलानं सेल, वायर आणि स्विच बदलून, बोर्डाची जोडी वेगळी करून पुन्हा मोजलं तेव्हा त्याच्या कागदावर शेवटच्या ओळीत ३.६१ होतं, आणि पातं टोकापर्यंत पांढरं.